कॅम सेन्सरचा कोड आला, तरी सेन्सर लगेच मागवू नका

जुलैचा पाऊस, सकाळचे साडेनऊ. गॅरेजच्या दारात एक डिझेल पिकअप येऊन थांबली. मागं दुधाचे रिकामे कॅन. गाडी गगनबावड्याकडची, पहाटे वाड्या-वस्त्यांवरचं दूध गोळा करणारी. मालक उतरले आणि छत्री झटकता झटकताच म्हणाले, "मेस्त्री, गार असताना एका सेल्फला लागतीया. तापली, कुठं बंद केली, की मग लई सेल्फ खातीया. पिवळी लाइट बी लागलीया. आठ दिवसांमागं सेन्सर बदलला, चार दिवस बरी चालली, परत त्येच."

आमच्या पोरग्यानं स्कॅनर लावला. पी ०३४०. "कॅम सेन्सर. दुसरा मागवू काय?" म्हणेपर्यंत त्याचा मोबाइल हातात आलाही होता.

"अजून मीटर कुठं लावलायस?"

तो गप्प. आयटीआयतनं बाहेर पडून त्याला चार महिने झाले होते. माझ्याकडं येणारं प्रत्येक पोरगं पहिले सहा महिने हीच चूक करतं, आणि मीही केलेली आहे. म्हणून त्या दिवशी त्याला जे टप्प्याटप्प्यानं करायला लावलं, ते इथं लिहितोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत किंवा गावच्या नाक्यावर नुकताच पाना हातात धरलेल्या कुणालाही चालेल.

कोडचा अर्थ काय ते आधी डोक्यात बसवा. पी ०३४० म्हणजे 'कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरच्या सर्किटमध्ये बिघाड'. कॅमशाफ्ट, आमच्या भाषेत कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. सर्किट हा शब्द महत्त्वाचा. सेन्सर, त्याच्या दोन-तीन वायरी, कपलरच्या (वायरी सेन्सरला जोडणाऱ्या प्लगच्या) पिना, फ्यूज, अर्थ (अर्थिंग) आणि शेवटी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हे सगळं मिळून सर्किट. ईसीएमला एवढंच कळतं की माझ्यापर्यंत जे यायला पाहिजे ते येत नाही. वाटेत कुठं अडलंय हे शोधायचं काम आपलं. दुकानदार विजेचा पार्ट परत घेत नाही, तेव्हा चुकीचा सेन्सर मागवला की तो आपल्याच कपाटात बसतो.

त्याच घरातले बाकीचे कोडही ओळखून ठेवा. ०३४१ म्हणजे सिग्नल येतोय पण क्रँकशी, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याशी, ताळमेळ बसत नाही. ०३४२ म्हणजे सिग्नल सतत खाली, ०३४३ म्हणजे सतत वर, ०३४४ म्हणजे मधूनमधून गायब. दोन कॅमच्या इंजिनात दुसऱ्या कॅमच्या सेन्सरचे कोड ०३६५ पासून सुरू होतात. क्रँक सेन्सरचा ०३३५. आणि ००१६ आला तर सावध व्हा, तो क्रँक आणि कॅम एकमेकांशी जुळत नसल्याचा कोड आहे. त्याचं मूळ बऱ्याचदा टायमिंग चेनमध्ये सापडतं.

हा सेन्सर करतो तरी काय

फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन फेरे मारतो तेव्हा कॅम एक फेरा मारतो. क्रँक सेन्सर सांगतो की पिस्टन वर आलाय. पण पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा धूर बाहेर टाकताना. घड्याळात बारा वाजलेत एवढं क्रँक सांगतो. दुपारचे की रात्रीचे, ते कॅम सांगतो. ते कळल्याशिवाय डिझेल कुठल्या सिलिंडरला सोडायचं हे ईसीएमला ठरवता येत नाही. म्हणून सेल्फ लांबतो. काही गाड्या थोड्या वेळानं अंदाजानं चालू होतात, काही होतच नाहीत. चालू गाडीत कॅमचा सिग्नल गेला तर बऱ्याच गाड्या क्रँकच्या भरवशावर चालत राहतात, लाइट तेवढी लागते, गाडीचा जोर मरतो. पण एकदा बंद केली की परत लागताना रडवतात. दूधवाल्या मामांची तक्रार नेमकी हीच होती.

हाताशी काय पाहिजे

डिजिटल मीटर. कोड आणि लाइव्ह डेटा दाखवणारा कुठलाही स्कॅनर, ब्लूटूथवरचं छोटं डोंगल असलं तरी सुरुवातीला पुरतं. बॅटरी, गाडीचा वायरिंग डायग्राम, आणि टाचण्या. शिंप्याच्या दुकानातल्या बारीक, लांब टाचण्या. कपलर लावलेला असताना मागच्या बाजूनं, वायरीच्या रबरी सीलला लागून टाचणी आत सरकवायची आणि तिच्यावर मीटर लावायचा. कपलर काढून पुढच्या भोकात मीटरचा जाड प्रोब खुपसायचा नाही. वायरीचं कातडं टोचून भोक पाडायचं नाही. हे दोन्ही मी रागानं सांगतो, त्याचं कारण शेवटी येईल.

जुना बल्बवाला टेस्ट लॅम्प ईसीएमच्या वायरींपासून लांब ठेवा. तो मीटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो. आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या, तिथं हात घालायचा नाही.

आधी बॅटरी

याला कुणी वेळ देत नाही. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे. सेल्फ मारताना मीटर बॅटरीवर ठेवून बघा, साडेनऊच्या खाली उतरत असेल तर पुढचं सगळं थांबवा. मेलेल्या बॅटरीवर ईसीएम वाट्टेल ते कोड देतो. पिकअपची बॅटरी १२.४ होती, सेल्फला १०.३. चालतंय.

मग कोड. लगेच पुसायचा नाही. स्कॅनरवर कोड आणि त्याच्यासोबतचा फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणी इंजिन किती तापलेलं होतं, किती आरपीएमला होतं, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पिकअपच्या फ्रीझ फ्रेममध्ये पाण्याचं तापमान ८९ अंश होतं. तापल्यावरच होतंय या मालकांच्या बोलण्याला हा पुरावा. स्कॅनर चालूच झाला नाही तर स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनला बॅटरीचे व्होल्ट आणि ४ व ५ ला अर्थ आहे का ते बघा. बहुतेक वेळा कुठला तरी फ्यूज उडालेला असतो.

आता एकाला सेल्फ मारायला सांगा आणि लाइव्ह डेटात आरपीएम बघा. सेल्फ फिरतोय आणि स्कॅनरवर आरपीएम शून्यच, असं झालं तर आधी क्रँक सेन्सरकडं जा. दोनशे-अडीचशेच्या आसपास दिसला तर क्रँकची बाजू ठीक. काही स्कॅनरवर कॅम आणि क्रँकचं 'सिंक' झालं की नाही हेही दिसतं. आमच्याकडं आरपीएम दिसत होता, सिंक कधी होत होतं, कधी नाही.

डोळे आणि बोटं

कॅम सेन्सर हेडच्या एका टोकाला, टॅपेट कव्हरच्या बाजूला किंवा त्याच्यावरच एका छोट्या बोल्टनं बसवलेला असतो. दिसत नसेल तर एअर फिल्टरचा डबा बाजूला करा. मीटर लावायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बघा. बोटांनी वायर चाचपत सेन्सरपासून मागं जा.

काय शोधायचं? कपलरमध्ये तेल, सेन्सरची ओ-रिंग कडक झाली की इंजिनचं तेल झिरपत आत येतं. ब्रॅकेटच्या धारेवर घासून उघडी पडलेली वायर. एक्झॉस्टजवळून गेलेली, वितळलेली वायर. आधीच्या कुणीतरी गुंडाळलेली काळी टेप. टेप दिसली की ती सोडून आत बघाच. आणि उंदीर. आमच्या भागात ऊसतोड लागली की शेतातले उंदीर घराकडं, गोठ्याकडं आणि उभ्या गाडीच्या गरम बॉनेटखाली येतात. नोव्हेंबर ते मार्च माझ्याकडं कुरतडलेल्या वायरींच्या गाड्या बऱ्याच येतात. बॅटरीच्या ट्रेखाली लेंड्या दिसल्या तर निम्मं निदान तिथंच झालं.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून गेली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला. त्या पाण्यात राहिलेल्या गाड्या अजूनही रस्त्यावर आहेत. त्यांच्या कपलरमध्ये वाळलेला गाळ आणि पिनांवर हिरवट थर सापडतो. नुसतं कपलर साफ करून भागत नाही, कारण पाणी वायरीच्या कातड्याखालून तारेतारेनं आत चढत जातं आणि पार वीतभर आतली तांब्याची तार काळी पडते. ओळखायची खूण : दोन बोटांत वायर धरून हळू ताणा. चांगली वायर ताठ राहते. आतली तार तुटलेली असेल तर कातडं रबरासारखं लांबतं.

म्हणून गाडी पुरातली आहे का, हे मालकाला पहिल्याच दिवशी विचारावं. थोडं वाईट वाटतं त्यांना, पण विचारावं. मामा म्हणाले, "न्हाई ओ, आमच्याकडं पाऊस लई, पूर न्हाई." बरोबर आहे, गगनबावड्याचं पाणी खाली आमच्याकडंच येतं.

दोन वायरी की तीन

दोन वायरींचा सेन्सर म्हणजे आत चुंबक आणि कॉइल. त्याला बाहेरून करंट लागत नाही, समोरून कॅमवरच्या चाकाचा दात फिरला की तो स्वतःच एसी व्होल्ट तयार करतो. याचा रेझिस्टन्स मोजता येतो. आकडा कंपनीच्या पुस्तकातूनच घ्यायचा, अंदाजानं नाही. सेल्फ मारताना मीटर एसीवर ठेवला की थोडे का होईना व्होल्ट दिसले पाहिजेत.

तीन वायरींचा म्हणजे बहुतेक वेळा हॉल सेन्सर. सध्याच्या गाड्यांत कॅमला जास्त करून हाच दिसतो. एक वायर सप्लायची, एक अर्थ, एक सिग्नल. आत इलेक्ट्रॉनिक्स असतं, त्यामुळं याला ओहमवर मीटर लावून काहीच कळत नाही. 'ओहम येत नाही म्हणजे सेन्सर गेला' असं सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. सोडून द्या.

हॉल सेन्सर सिग्नल कसा देतो हे एकदा नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. सिग्नल वायरीवरचे पाच व्होल्ट बहुतेक गाड्यांत सेन्सर देत नाही, ते ईसीएमकडून येतात. सेन्सर फक्त त्या वायरीला अर्थ करतो आणि सोडतो. दात समोर आला, व्होल्ट खाली. दात गेला, व्होल्ट वर. दाराच्या कडीसारखं. ईसीएम ही उघडझाप मोजतो.

तीन वायरींची तपासणी

कपलर काढा. चावी ऑन, इंजिन बंद. मीटर डीसी २० व्होल्टवर. कपलरच्या मागून टाचण्या लावा.

सप्लाय : काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल सप्लायच्या टाचणीवर. गाडीनुसार ५ किंवा १२ व्होल्ट. पाचाचा असेल तर ४.८ ते ५.२ मध्ये पाहिजे. बारा व्होल्टच्या गाडीत सप्लाय नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. पाच व्होल्टच्या गाडीत सप्लाय नसेल तर थोडं डोकं लावावं लागतं. हे पाच व्होल्ट ईसीएममधून निघून दोन-चार सेन्सरना वाटले जातात. त्यातला एक जरी आतून शॉर्ट झाला तरी सगळ्यांचा सप्लाय पडतो. मीटर तसाच ठेवून त्या लाइनवरचे बाकीचे कपलर एकेक करून काढा, एसीच्या गॅस प्रेशरचा, रेल प्रेशरचा, जो असेल तो. ज्याचा कपलर काढल्यावर मीटर टुणकन पाचावर येईल, तो चोर. कॅम सेन्सर बिचारा निर्दोष. या काढाकाढीत नवे कोड पडतात, ते शेवटी पुसायचे.

अर्थ : आता लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि काळा अर्थच्या टाचणीवर. बॅटरीचा आकडा जसाच्या तसा आला पाहिजे. बॅटरी १२.४ आणि इथं ११ आले तर अर्थच्या वाटेत कुठंतरी खाल्लं जातंय.

सिग्नल : काळा परत बॅटरीच्या मायनसवर, लाल सिग्नलच्या टाचणीवर. बहुतेक गाड्यांत पाचाच्या आसपास. काहीच नाही आलं तर वायर तुटलेली तरी आहे किंवा कुठंतरी बॉडीला टेकलेली तरी. मात्र थोड्या गाड्यांत हे व्होल्ट सेन्सरच्या आतून येतात, तिथं कपलर काढल्यावर शून्यच दिसणार. डायग्राम बघितल्याशिवाय ईसीएमला दोष देऊ नका.

इथंच एक सोपी युक्ती. ज्या गाडीत ०३४२ आणि ०३४३ वेगवेगळे येतात, तिथं ०३४२ असताना कपलर काढून कोड पुसा आणि पुन्हा सेल्फ मारा. आता ०३४३ आला, तर वायर आणि ईसीएम दोन्ही बरोबर आहेत. सिग्नल खाली धरून बसला होता तो सेन्सरच. तरीही ०३४२ च आला तर वायर बॉडीला टेकलीय.

पिकअपवर पोरग्यानं तिन्ही आकडे वहीत लिहिले. सप्लाय ५.०२, अर्थ १२.४, सिग्नल ४.९. चेहरा खुलला त्याचा. "सगळं बरोबर हाय. म्हंजे सेन्सरच की."

"सेन्सर आठ दिवसांचा आहे. आणि तू आत्ता काय तपासलंस? कपलर काढून वायरी तपासल्यास. गाडी कपलर लावून चालते."

पाना फिरवून बघणे

सेन्सरचा बोल्ट काढून सेन्सर बाहेर ओढा, पण कपलर लावलेलाच ठेवा. सिग्नलच्या वायरीला मागून टाचणी, मीटर तिच्यावर. चावी ऑन. आता सेन्सरच्या टोकासमोरून पाना जवळ न्या आणि लांब करा. बहुतेक हॉल सेन्सरवर मीटर ४.९ वरून शून्याजवळ आणि परत ४.९ असा उड्या मारतो. उडी स्वच्छ पाहिजे. खाली येताना दीड-दोन व्होल्टवरच थांबत असेल तर अर्थ अशक्त आहे किंवा सेन्सर. टोकावर लोखंडाचा बारीक चुरा चिकटला असेल तर पुसून घ्या. तो दाताची धार बोथट करतो.

पेट्रोल गाडीत हे करण्याआधी इग्निशन कॉइल आणि इंजेक्टरचे कपलर काढून ठेवा. कुणी पान्यानं क्रँक हातानं फिरवूनही हाच सिग्नल बघतात. तेव्हा गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला असलाच पाहिजे, बटणस्टार्ट गाडीची चावी खिशात घालून कुणी केबिनमध्ये बसलेलं नको, आणि क्रँकचे दोन पूर्ण फेरे द्यायचे, तरच कॅमचा एक होतो. डिझेलच्या कॉम्प्रेशनला हात दुखतात, म्हणून मी पान्याचीच युक्ती वापरतो. चालू इंजिनवर मात्र हा मीटर उपयोगाचा नाही. सिग्नल इतका भराभर हलतो की मीटर नुसती सरासरी दाखवत राहतो. तिथं स्कोप, म्हणजे सिग्नलचं चित्र दाखवणारं यंत्र लागतं.

पोरग्यानं पाना फिरवला. ४.९, ०.१, ४.९, ०.१. दहा वेळा, एकदाही चुकलं नाही.

"आता डाव्या हातानं कपलर हलव."

त्यानं कपलर थोडा खाली दाबला. पाना समोर, आणि मीटर ४.९ वरच. पाना मागे, तरी ४.९. सोडला, की परत उड्या सुरू. मग त्यानं हेअर ड्रायर आणून कपलरवर पाच मिनिटं गरम हवा मारली. आता हात न लावताही सिग्नल मधूनच वर अडकायला लागला. ही दोन कामं, हलवणं आणि तापवणं, गार गाडीवर सगळं बरोबर दिसतं तेव्हा करायलाच पाहिजेत. नुसता सेन्सर तापवून सिग्नल मेला आणि गार झाल्यावर जिवंत झाला तर दोष सेन्सरच्या आतला. वायर हलवून मेला तर वायरीचा. इथं कपलर हलवून मेला.

आता विचार करा. सिग्नल वर का अडकला, खाली का नाही? सेन्सरचं काम सिग्नलला अर्थ करायचं. त्याचा स्वतःचाच अर्थ सुटला तर तो खाली ओढणार कशाच्या जोरावर? म्हणजे संशय अर्थच्या पिनेवर. हे असं उलटं बघायची सवय लागली की निम्मं काम खुर्चीत बसून होतं.

मीटर फसवतो ती जागा

कपलर काढून अर्थला १२.४ आले होते, ते खोटं नव्हतं. वायर चांगलीच होती. पण एक लक्षात ठेवा, मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वीस तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्ट दाखवेल. बीपचंही तसंच, बीप वाजली म्हणजे वायर धड, असं नाही.

वायरीवर संशय असेल तर तिला ओझं द्या. बॅटरीची मायनस काढा, वायर दोन्ही टोकांना मोकळी करा, म्हणजे सेन्सरचा आणि ईसीएमचा दोन्ही कपलर काढा. बॅटरीच्या प्लसपासून फ्यूज लावलेली एक सुटी वायर या वायरीच्या एका टोकाला, आणि दुसऱ्या टोकाला पार्किंगचा पाच वॅटचा बल्ब लावून बल्बची दुसरी बाजू थेट बॅटरीच्या मायनसला. बल्ब लख्ख लागला तर वायर धड. मंद लागला तर आत सडलीय. दोन्ही टोकं मोकळी केल्याशिवाय हे करू नका, ईसीएममधून बल्ब पेटवायचा नसतो.

कपलर लावून अर्थ तपासायचा तर काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल मागून अर्थच्या टाचणीवर, आणि सेल्फ मारा. ०.१ व्होल्टच्या वर जायला नको. जास्त आला तर ईसीएमचा किंवा इंजिनचा बॉडीअर्थ सोडून, घासून, परत आवळा. आमच्या पिकअपवर इथंही सगळं बरोबर आलं, कारण टाचणी वायरीच्या बाजूला होती आणि बिघाड तिच्या पुढं, कपलरची पिन आणि सेन्सरची पिन जिथं भेटतात त्या ठिकाणी.

ते शोधायला मीटर लागत नाही. तशाच मापाची एक सुटी मेल (आत शिरणारी) पिन घ्या आणि कपलरच्या एकेका भोकात घालून बाहेर ओढा. सप्लायच्या पिनेनं धरून ठेवलं. सिग्नलच्या पिनेनं धरून ठेवलं. अर्थच्या पिनेतनं सुटी पिन अशी आली, जशी लोण्यातून सुरी. पिनेची दोन पानं फाकलेली होती. आठ दिवसांमागं नवा सेन्सर लावल्यावर चार दिवस गाडी बरी चालली, कारण कपलर काढून लावताना फाकलेली पिन जरा वेगळ्या जागी टेकली. सेन्सर बदलून 'बरी झालेल्या' किती गाड्या खरं तर कपलर काढून लावल्यामुळं बऱ्या होतात, याचा मला अंदाज नाही, पण थोड्या नसतील.

सगळं बरोबर असूनही कोड येत असेल तर

सप्लाय, अर्थ, सिग्नल, पाना, हलवणं, तापवणं, सगळ्यातून गाडी पास झाली आणि कोड ०३४१ किंवा ००१६ असेल, तर आता विजेतनं बाहेर या. टायमिंग चेन ताणलेली असू शकते, टेन्शनर सैल असू शकतो, बेल्टनं एक दात सोडलेला असू शकतो, कॅमवरचं सेन्सरचं चाक हललेलं असू शकतं. गार इंजिन चालू करताना पुढून दोन-तीन सेकंद खडखड येते का, तेल कधी बदललंय, हे मालकाला विचारा. दोन चॅनेलचा स्कोप असेल तर क्रँक आणि कॅमचे सिग्नल एकाखाली एक लावून चांगल्या गाडीच्या चित्राशी ताडून बघता येतात. नसेल तर कव्हर उघडून टायमिंगच्या खुणा. ईसीएमला दोष द्यायचा तो सगळ्यात शेवटी, आणि मी गेल्या कित्येक वर्षांत कॅमच्या कोडसाठी तो क्वचितच दिलाय.

दुरुस्ती

वायर जोडायची तर पीळ देऊन टेप गुंडाळायची नाही. सोल्डर किंवा चांगला क्रिंप, वर हीट श्रिंक स्लीव्ह, आणि वायर एक्झॉस्टपासून लांब बांधायची. सेन्सर खरंच गेला असेल तर पार्ट नंबर जुळवून घ्या. दिसायला सारखे दोन सेन्सर आतून वेगळे असतात. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा, सेन्सर हातानं दाबून बसवा, हातोडी नाही. बोल्ट छोटा आहे, मनगटाच्या जोरापुरताच आवळा. मग कोड पुसा.

टेस्ट नुसती गॅरेजच्या दारात घेऊन चालत नाही. तापल्यावर येणारा दोष तापवूनच तपासायचा. आम्ही पन्हाळ्याचा रस्ता धरतो, वीसेक किलोमीटर आणि शेवटी चढ. वर जाऊन गाडी बंद करायची आणि बॉनेट न उघडता पंधरा मिनिटं थांबायचं. इंजिन बंद झाल्यावरच बॉनेटखालची उष्णता सेन्सरवर चढते. मग सेल्फ. असं तीनदा.

पिकअपची पिन आम्ही भंगारातल्या हार्नेसमधून, म्हणजे वायरींच्या जुडग्यातून काढली. २०१९ च्या पुरानंतर मोडीत निघालेल्या गाड्यांचे, पाणी न लागलेले वरचे हार्नेस मी भिंतीला टांगून ठेवलेत, अशा पिना-कपलरसाठीच. पोरग्यानं बारीक स्क्रूड्रायव्हरनं लॉक उचलून फाकलेली पिन बाहेर काढली, नवी क्रिंप केली, सुटी मेल पिन घालून ओढून बघितली. धरून ठेवलं.

फाकलेली पिन त्यानं उजेडात धरली. आतल्या बाजूला गोल, चकचकीत खरवडा होता. "ह्यात कुणीतरी मीटरचा प्रोब घातलाय," तो म्हणाला.

मी जुनी वही काढली. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत हीच पिकअप ऑइल प्रेशरच्या लाइटसाठी माझ्याकडं आली होती, आणि जाता जाता कॅम सेन्सरचा सप्लाय तपासल्याची नोंद होती. अक्षर माझं.

मामांना ते सांगितलं, आणि पिनेचे पैसे घेतले नाहीत. मजुरीही नाही. पन्हाळ्याहून आल्यावर ते चहा पीत म्हणाले, "मग त्यो आठ दिवसांमागचा सेन्सर?" तो गाडीत आहे तसाच ठेवला. जुना त्यांनी सीटखाली टाकून ठेवला होता. पोरग्यानं तो लावून पाना फिरवला. ४.९, ०.१, ४.९. आता तो जुना सेन्सर त्यांच्याच डॅशबोर्डच्या कप्प्यात स्पेअर म्हणून आहे.